गच्चीवरचे गज

संसार मोडल्यावर एस्तेर लहानग्या मुलीला घेऊन खराडीला माहेरी परतली. दोन खोल्यांत आईवडील, भाऊ, भावजय आणि त्यांची मुलं आधीच दाटीनं राहत होती. "पप्पा, मी भाड्यानं खोली बघते," ती म्हणाली. पप्पांनी ठेकेदाराला बोलावून गच्चीवर नेलं. तिच्या लग्नाआधी घर बांधलं, तेव्हा त्यांनी खांबांचे गज वर मोकळे सोडले होते. गंजू नयेत म्हणून दर उन्हाळ्यात ते गजांना सिमेंटचं पाणी लावत आणि भाऊ त्यांची चेष्टा करी. ठेकेदारानं गज चाचपून पाहिले. "बिनधास्त बांधा. पाया दोन मजल्यांचा आहे." एस्तेरनं पप्पांना हळूच विचारलं, "माझा संसार मोडेल असं तेव्हाच वाटलं होतं?" "छे. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा विचार करावा, असं येशूनं सांगितलंय. हे घर बांधण्याआधी मीही बसलो, पण खर्चाऐवजी विचार तुझाच करत राहिलो."