दगडोबाचा हात

कंपवातात मेंदूतल्या पेशी का मरतात, हे शोधण्यात सरांची हयात गेली; आता त्या रोगानं त्यांनाच गाठलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ते प्रयोगशाळेत आले, तेव्हा त्यांची विद्यार्थिनी पाण्यावर तरंगणारा मेंदूचा पातळ काप ब्रशनं काचेवर घ्यायला धडपडत होती. कापाला पडलेली घडी काही केल्या सुटेना. पूर्वी असं झालं की सर तिचं मनगट धरून म्हणायचे, “श्वास रोख, पोरी. पाणी हलता कामा नये.” त्यांचा हात इतका स्थिर, की पोरं ‘दगडोबा’ म्हणायची. “सर, जरा बघता?” तिनं सवयीनं ब्रश पुढे केला आणि जीभ चावली. सरांनी तो पाण्याला टेकवला. हात थरथरला, बारीक तरंग उठले आणि घडी अलगद उलगडली. “दगडोबाला हे जमलं नसतं,” सर हसले. आता काप काचेवर घ्यायला तिनं श्वास रोखून त्यांचं मनगट धरलं.