गोगलगायींवरचे क्रमांक

खोटं वाटेल, पण आमच्या विद्यापीठात संशोधनाच्या अनुदानातून घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर भांडारपाल अण्णा पांढरा क्रमांक रंगवायचे. प्राणिशास्त्राच्या बाईंनी चाळीस गोगलगायी आणि चाळीस विटा घेतल्या. रात्रभर हुंदडलेली गोगलगाय पहाटे आपल्याच विटेखाली परतते, हे समितीला उद्या दाखवता आलं नाही, तर अनुदान बंद. पण सगळ्या सारख्याच, ओळखायचं कसं? काळजीतच बाई प्रयोगशाळेत आल्या, तर अण्णा कुंचल्यानं प्रत्येक विटेवर आणि तिच्याखालच्या गोगलगायीवर एकच क्रमांक घालत होते. “अण्णा, ही काय खुर्ची आहे?” “खुर्ची परवडली, बाई. क्रमांक घालताना पळत नाही.” बाई रागावणार, तेवढ्यात ट्यूब पेटली. सकाळी समितीनं विटा उचलल्या. चाळीसजणी आपापल्या घरी. “पुढच्या अर्जात सहसंशोधक तुम्ही,” बाई म्हणाल्या. अण्णा लाजले. “तीन प्रती आणा, नाहीतर स्वतःचाही अर्ज परत पाठवीन.”