गाडीचं पोट

अभिमन्यूची नवी स्पोर्ट्स कार जमिनीला इतकी टेकलेली, की मोडनिंबजवळच्या त्याच्या गावात शाळेपुढच्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासायचं. दुसऱ्यांदा घासल्यावर त्यानं सोलापुरातून वडिलांना फोन केला.

"आप्पा, त्यो स्पीडब्रेकर हाय तवर मी गावाकडं येत न्हाय."

दिवाळी तोंडावर आली, तसे आप्पा टिकाव घेऊन रस्त्यावर उतरले. गाव नुसतं बघत उभं राहिलं. सरपंच तेवढे हळूच म्हणाले, "आप्पा, तुमीच तोडताय व्हय?"

"पोरगं घरी याया पायजे की," आप्पा म्हणाले आणि त्यांनी पहिला घाव घातला.

 

अभिमन्यूचा थोरला भाऊ सयाजी शाळेतून येताना तिथंच ट्रकखाली गेला, तेव्हा उपोषणाला बसून तो स्पीडब्रेकर आप्पांनीच करून घेतला होता.