कारण, एका ओळीत

लसीच्या थर्माकोल खोक्याच्या झाकणावर बर्फ होता. मनकर्णा सिस्टरनं तो नखानं खरवडला आणि दूध संस्थेच्या चेअरमनकडं बघितलं.

"श्रीखंडाचे डबे काढून जागा केली," अर्जुनराव म्हणाले. "तुमी साध्या फ्रीजात ठेवलं होतं, ते मला काय पटंना. ह्या उन्हात? रातीच डीप फ्रीजरात टाकलं. सकाळी बाहेर काढून ठेवलं, म्हनलं सिस्टर येतील."

"मी चिठ्ठी लावली होती. जास्त गार करू नका म्हणून."

"वाचली की. पर तीस वर्षं दुधात गेली माझी. गार माल नासत न्हाई, सिस्टर."

खराब साठ्याचा अर्ज. रकाना पाच. कारण, एका ओळीत:

गोठली.

का गोठली? मदत केली म्हणून. मदत का लागली? आरोग्य केंद्राचा फ्रीज नऊ दिवस बंद आहे म्हणून. बंद फ्रीजच्या केंद्रात दोन महिन्यांची लस का उतरवली? वरच्या भांडारात जागा नव्हती म्हणून. मग दूध संस्थेत का? गावात जनरेटरवर चालणारा फ्रीज तो एकच, आणि दुष्काळानं जनावरं छावणीत गेल्यापासून तो निम्मा रिकामा म्हणून.

ओळ संपली. रकानाही संपला.

पडवीत चतुराबाई पाच महिन्यांचं लेकरू घेऊन बसली होती. तिसरा डोस. आज राहिला तर चैत्रात. रस्त्यावर ट्रक उभा होता, त्यात भांडी, बाजा, कोंबड्या आणि अर्धी वस्ती. ऊसतोडीला यंदा पाण्यापायी महिनाभर आधीच निघाले होते.

सिस्टरनं वरच्या भांडाराला फोन लावला.

"साहेब, तीनशे डोस गोठले. निदान एक कुपी पाठवा. आज."

"तुमच्याकडं तीनशे शिल्लक दिसतायत."

"गोठलेत ते."

"ते बरोबर. पण शिल्लक दिसतायत ना? शिल्लक असताना नवीन कसे देऊ?"

"मग खराब दाखवते."

"खराब तुम्ही दाखवायचे नसतात. समिती दाखवते."

"समिती कधी येते?"

"तुमचा अर्ज आला की. आणि बरं झालं फोन केलात, तुमच्या त्या डेअरीत जागा आहे म्हणे? आमच्याकडं अजून एका महिन्याचं—"

फोन तिनं कापला. रेंज गेली असं नंतर सांगता येतं.

"आता वितळलंय की सगळं," अर्जुनराव म्हणाले. "पाण्यागत झालंय. द्या टोचून. कोन बघतंय?"

"द्या सिस्टर," चतुराबाई पडवीतून म्हणाली. "गार तर गार. आमचं काय म्हननं न्हाई."

देता आली असती. सुई तीच लागते, ताप तसाच येतो, कार्डावर शिक्काही तसाच उमटतो. फक्त उद्या उसाच्या फडात घटसर्प आला, डांग्या खोकला आला, की ती लस त्याला अडवत नाही. एवढंच.

सिस्टरनं एक कुपी घेतली, जोरात हलवली आणि दुधाची फॅट तपासायच्या टेबलावर उभी ठेवली.

"काय करताय?"

"बघा तुम्हीच."

अर्जुनरावांनी चष्मा चढवला. दोघं कुपीकडं बघत बसले. ट्रकचा हॉर्न वाजला. मुकादम उत्तरेश्वर दारात येऊन उभा राहिला.

"तात्या, कावून खोळंबा? एका बाईसाठी आख्खी गाडी उभी हाय."

"उभी ऱ्हाऊ दे. गप बे जरा."

कुपीत पांढरं खाली बसायला लागलं. आधी धुरकट, मग कण कण. वर स्वच्छ पाणी राहिलं, तळाशी चोथा. अर्जुनरावांनी कुपी उचलली, उजेडाला धरली, तिरकी केली. रोज सकाळी दुधाचं भांडं ते असंच तिरकं करून बघत.

"फाटलं हे," ते हळू आवाजात म्हणाले.

"हो."

"गारव्यानं?"

"गारव्यानं."

"सगळंच?"

तिनं खोकं पुढं सरकवलं. त्यांनी आणखी एक कुपी हलवली. मग आणखी एक. तिसरी उजेडाला न धरताच परत ठेवली.

"गवळ्याला नासक्या दुधापायी मी दारातून माघारी लावतो," ते म्हणाले.

सिस्टर पडवीत आली. कार्डावर तिसऱ्या डोसाच्या चौकटीत तिनं काहीच लिहिलं नाही. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं: डोस राहिला आहे, कृपया द्यावा.

"हे तिकडच्या दवाखान्यात दाखव. पोचल्या पोचल्या."

"तिकडं आमाला कोन वळखतंय?"

"तरी दाखव."

"फडातून दवाखान्यात सोडतंय कोन? तुमीच द्या."

"नाही देता येत, चतुराबाई. खराब झाली."

"चल की गं," उत्तरेश्वर म्हणाला.

चतुराबाई उठली नाही. तिनं लेकराचं झबलं वर सारलं, डावी मांडी उघडी केली, आणि ते हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरली. लेकरू अजून रडायला लागलं नव्हतं.

"टोचा," ती म्हणाली. "मी धरलंय घट्ट."