बाटल्या बघणारा

सहा ग्लासांपैकी दोनच उरले होते. बाकीचे चार कचऱ्याच्या डब्यात होते, जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ठेवलेले.

"चीर होती," नवरा म्हणाला. तो स्टुलावर उभा होता आणि त्याचं डोकं वरच्या कपाटात होतं. "उजेडात धरून बघ, म्हणजे दिसेल."

"सोळा वर्षं त्याच ग्लासांतून पाणी पितोय आपण. मेलं का कुणी?"

"नशीब म्हणायचं."

तिने कपाळावर हात मारला. आठवड्यातली एकुलती एक सुट्टी आणि ती अशी चालली होती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात सहा दिवस चादरी उपसल्यावर सातव्या दिवशी माणसाने जरा पाय पसरावेत, तर घरात हा तपासनीस. बाटल्यांच्या कारखान्यात तो रात्रपाळीला दिव्यासमोर बसायचा. समोरून रिकाम्या बाटल्या सरकत जायच्या, एखादीला तडा दिसला की ती उचलून बाजूला टाकायची, एवढंच काम. दोन महिन्यांपूर्वी तिथे कॅमेऱ्याचं यंत्र बसवलं आणि याला घरी बसवलं. तेव्हापासून त्याला बशीचा टवका दिसायचा, दाराची फट दिसायची, तिने घासलेल्या पातेल्यावरचा डाग दिसायचा. पलंगावर टाकलेला स्वतःचा ओला टॉवेल तेवढा दिसायचा नाही.

पलंगाचं तर विचारूच नका. मुलगी लहान असताना कुणीतरी घरी हवं म्हणून हिने दिवसपाळी घेतली, त्याने रात्रपाळी. मुलगी शिकायला परगावच्या वसतिगृहात गेली तरी पाळ्या तशाच राहिल्या. ती रात्री झोपायची, तो दिवसा, आणि दोघंही अगदी मधोमध. सुट्टीच्या रात्रीही त्याला झोप यायची नाही, बाहेरच्या खोलीत बसून राहायचा. आता दोघंही रोज मधली जागा धरायला जातात आणि रोज सकाळी हिची मान अवघडलेली असते.

लोकांना मात्र या जोडप्याचं कोण कौतुक. नणंद जिथे तिथे सांगत सुटायची, आमच्या दादा-वहिनीचं सोळा वर्षांत एकदा म्हणून भांडण नाही. होणार कुठून? भांड्याला भांडं लागायला ती एका फळीवर तरी यावी लागतात. या दोघांचा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालायचा. दूध तापवलंय. गॅसवाला येईल. मुलीचा फोन होता, बरी आहे. एवढ्याशा कागदावर भांडण मावत नाही.

"तुम्ही असे आहात हे मला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"मला तरी कुठे सांगितलं, तू झोपेत लाथा मारतेस म्हणून?"

"मी लाथा मारते?"

"नेम धरून मारतेस."

तिला हसू येऊ लागलं, म्हणून ती आणखीच चिडली. हा माणूस उलट उत्तरं देतो, आणि बरी देतो, हेसुद्धा तिला या दोन महिन्यांतच कळलं होतं.

टेबलावर त्याचा फोन वाजला.

"घे गं तेवढा. माझे हात भरलेत."

कारखान्यातले पाळीप्रमुख होते. "वहिनी, ते यंत्र पाण्याच्या थेंबालाही तडा समजतंय. रात्री गारवा असतो, बाटल्यांना ओल धरते. निम्मा चांगला माल फेकला जातोय. उद्या रात्रीपासून पाठवा त्यांना. पगार तोच."

दोन महिने ती हेच मागत होती. एका पगारात घर ओढताना तिच्या नाकी नऊ आले होते, आणि या माणसाला कुणीतरी चार भिंतींबाहेर न्या, असं ती धुलाईखान्यात येईल-जाईल त्याला सांगायची.

"रात्रपाळीला परत बोलावतायत," तिने फोनवर हात ठेवून नवऱ्याला सांगितलं. "उद्यापासून."

तो स्टुलावरून उतरला. भांडताना त्याच्या चेहऱ्यावर आलेली धग गेली. कामावरून आल्यावर, ती निघता निघता दारात दोन मिनिटं दिसायचा, तसा तो दिसायला लागला, थकलेला आणि आज्ञाधारक. त्याने हात पँटला पुसले आणि फोनसाठी एक हात पुढे केला. तिने फोनवरचा हात काढला.

"दिवसपाळीत घ्या ना त्यांना," ती फोनवर म्हणाली.

"दिवसा यंत्र ठीक चालतं, वहिनी. अडचण रात्रीचीच आहे. द्या बरं त्यांच्याकडे."

नवऱ्याचा हात अजून पुढेच होता. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आत्ता नाही जमायचं. आमचं भांडण चाललंय."

"बरं," पाळीप्रमुख म्हणाले, "मग कधी करू फोन?"

"सोळा वर्षांचं साठलंय, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही दुसरा माणूस बघा."