पात्याची कड

सलग सातव्या दिवशी हेमांगीचं उत्तर चुकलं. फिरत्या पवनचक्कीच्या पात्यांवरून वारा कसा वाहतो, ते ती दोन वर्षं संगणकावर मांडत होती. पण तिची संगणकातली चक्की पठारावरच्या खऱ्या चक्कीपेक्षा नेहमी जास्त वीज द्यायची. सोबतचे दोघं कंटाळून दुसऱ्या कामाला लागले होते. शुक्रवारी हे काम बंद करायचं, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं.

शेवटी तिने पठारावर फोन लावला. चक्क्यांची देखभाल करणारे बाबाजी ढेबे नुकतेच दोरावरून खाली उतरले होते.

“काका, पाती जवळून कशी दिसतात हो?”

“नवी असताना गुळगुळीत, मॅडम. मग धुळीनं अन् किड्यांनी पुढची कड पार खरबरीत होती. हात फिरवला तर सोलवटतो.”

हेमांगीने संगणकात पाती गुळगुळीतच धरली होती. तिने कड खरबरीत केली आणि गणित पुन्हा चालवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडे जुळले. आनंदाने ती वळली, तर मागे दोन रिकाम्या खुर्च्या. तिने पुन्हा ढेब्यांनाच फोन केला.

“काका, जुळलं!”



“बारा वर्षं त्या कडेवर हात फिरवतोय,” ते म्हणाले. “कुणी कधी विचारलं न्हाई. एकट्याच हाय का तिथं?”

“हो.”

“मीबी. मग सांगा की, कसं जुळवलं ते.”

हेमांगी खाली बसली आणि तिने अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं.