गाडी नसलेलं स्थळ

निनादच्या घरी टेबलावर पोह्यांच्या पाच बशा, चहाचे पाच कप आणि एक टॅबलेट होता. टॅबलेटवर शर्वाणीच्या गाडीची नोंद उघडलेली होती: तीन वर्षांतले सगळे प्रवास, गाडीत बोललेला प्रत्येक शब्द, नाडीचे ठोके. निनादच्या आईने थोडं चाळून पाहिलं आणि मान डोलावली. शर्वाणीला त्यात वावगं वाटलं नाही. सगळेच दाखवत.

"आता तुमची दाखवा," शर्वाणीचे वडील निनादला म्हणाले.

"माझी गाडी नाही. मी सायकलने जातो."

"मग मित्रांच्या गाडीतली चालेल की," शर्वाणीच्या आत्या म्हणाल्या.

"तीही नाही. माझं बोलणं कुणी साठवून ठेवलेलं मला आवडत नाही."

आत्या हसल्या. "इश्श! एवढं लपवण्यासारखं आहे तरी काय?"

"काहीच नाही."

"मग बसायचं ना सरळ गाडीत!"

शर्वाणी हळूच म्हणाली, "बाबा, मला पसंत आहेत हे."

"अगं, पण माणूस कसा आहे हे कळणार कशावरून?"

"मला विचारा ना," निनाद म्हणाला. "समोरच बसलोय."

"तोंडाने काय हो, कुणीही काहीही सांगेल," वडील म्हणाले आणि उठले.

निनाद फाटकापर्यंत सोडायला आला. वडील आणि आत्या गाडीत पुढे बसले, शर्वाणी मागे एकटीच. वाटेत आत्यांनी आणखी दोन मुलांच्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवल्या आणि तिचं मत विचारलं.

सत्तेचाळीस मिनिटांनी घर आलं. मागच्या सीटवर बोललेले शब्द गाडीने मोजले. शून्य.